रांगेच्या शेवटी मोत्याच्या कुड्या

टाकी पाऊण भरली आहे.

डाव्या पोटरीवरचा दाब वाढवतो आहे.

…म्हणून या तिमाहीत आपल्या टीमनं…

कुकर : तिसरी शिट्टी.

दाराशी कोणी आहे. नाही. मांजर आहे.

माझं म्हणणं इथं संपतं, न्यायमूर्ती.

दूध उद्या सकाळपुरतंच उरलं आहे.

मा— म्ह— —पतं, —

सांगलीतल्या सुमती हाइट्समध्ये, चौथ्या मजल्यावर, शिरगुप्प्यांच्या घरात हे सगळं एका दमात बोललं गेलं. टाकीतला गोळा बोलला, मालिशची खुर्ची बोलली, घरातल्या मुलाची, श्रेयांसची, ऑफिसची मीटिंग बोलली, कुकर, दाराची घंटा आणि फ्रीज बोलले. न्यायमूर्तींना म्हटलेलं वाक्य तेवढं थेट माणसाच्या तोंडचं होतं. ते बापू कोटणीस बोलले, हॉलमध्ये चाललेल्या नाटकाच्या तालमीत. आणि ज्या न्यायमूर्तींना उद्देशून ते बोलले, त्यांना ऐकू आलं ते एवढंच : मा, म्ह, पतं.

न्यायमूर्ती गप्प बसल्या. चेहरा मात्र असा केला, की जणू खटल्याचा विचार करतायत.

"वहिनी," बापूंनी वकिलाचा काळा कोट काढून खुर्चीवर टाकला, "तुमचं वाक्य."

"हो हो. कुठलं?"

"संपलं की नाही ते न्यायालय ठरवेल, बसा! हे तुमचं वाक्य. नाटकातलं सगळ्यात खणखणीत वाक्य आहे ते. आणि आज तिसऱ्यांदा ते मलाच म्हणावं लागतंय."

हेमलता शिरगुप्पे हसली. काही सुचलं नाही की ती हसायची. वय एकसष्ट, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. हौशी रंगभूमीवर कॉलेजपासून होती, आणि एवढ्या वर्षांत रंगमंचावर दरवेळी हातात ट्रे घेऊनच आली होती. कधी शेजारीण, कधी आत्या, कधी नुसतीच 'एक बाई'. यंदा राज्य स्पर्धेसाठी दिग्दर्शक बापूंनी तिला न्यायाधीश केलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती उंच खुर्चीत बसणार, आणि ट्रे दुसरं कोणीतरी आणणार.

"स्पष्टच बोलतो," बापू म्हणाले. "पुढच्या बुधवारी रंगीत तालीम. तेव्हाही असंच झालं तर मला तुमच्या जागी आपल्या नलूला उभं करावं लागेल. तुम्ही रागावणार नाही, माहितीये मला."

"छे, रागवायचं काय त्यात," हेमलता म्हणाली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.

*

तिच्या कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. लांबून बघणाऱ्याला लग्नातल्या वाटाव्यात अशा. मधल्या मोत्यात ऐकायचं यंत्र होतं. एवढ्याशा मोत्यात हुशारी मावत नाही, म्हणून कुडी फक्त आवाज गोळा करायची आणि हवेतून घरातल्या पेटीकडे पाठवायची. पेटी त्यातून माणसाचा शब्द वेगळा काढायची, मिक्सर, पंखा, रस्त्यावरचा हॉर्न बाजूला सारायची, आणि निवडलेला शब्द परत कानात पाठवायची. हे इतक्या झटकन व्हायचं की समोरच्याच्या ओठांबरोबर शब्द पोचायचा.

पेटीचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'समतोल'. हेमलताचे यजमान सुकुमार त्या पेटीला मुकादम म्हणायचे. ती कामंच मुकादमाची करायची.

कारण हवेतही रस्ते असतात. बहुतेक सगळे सरकारनं वाटून दिलेले : हा विमानांचा, हा पोलिसांचा, हा मोबाइलवाल्यांचा. एकच पट्टा असा, की तिथं परवाना लागत नाही. हळू आवाजात बोला आणि कोणीही या. मग सगळेच आले. वायफाय आलं, ब्लूटूथ आलं, पाठोपाठ कुलूप, कुकर, टाकी, झाडू, खुर्ची. कुड्याही तिथूनच बोलतात. दोघं एकदम बोलले की दोघांचंही कोणाला कळत नाही, म्हणून मुकादम पाळ्या लावतो. एका सेकंदात हजारो पाळ्या. एखादं वाक्य हवेत हरवलंच तर वाया जात नाही, पुन्हा पाठवलं जातं, फक्त उशिरा आणि भलत्याच वाक्यांच्या मागून पोचतं. टाकीला हे चालतं. पाणी आत्ता पाऊण भरलं की मघाशी, कोणाचं काय अडलंय? कानाला चालत नाही. उशिरा आलेला शब्द मुकादम टाकूनच देतो.

मुकादम घरात आला मागच्या दिवाळीत. बसवायला आलेल्या माणसानं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि

(इथलं एक वाक्य हवेत हरवलं. मागाहून येईल.)

*

रुबीना मुजावर कंपनीची इंजिनिअर, राहायला मिरजेला. ती तिसऱ्यांदा आली होती.

"काकू, तुमची केस आता आमच्याकडं प्रसिद्ध झालीय," सोफ्यावर मांडी घालत ती म्हणाली. "बाकी दिवसभर तुमचे कान उत्तम. सकाळी उत्तम, रात्री उत्तम. मधेच संध्याकाळी अर्धा तास शब्द गळतात. आणि ती वेळही एका जागी थांबत नाही. मे महिन्यात सातच्या जवळपास होती, आता सहाच्या आत आलीय. आमचे मोठे साहेब म्हणतात, सूर्याचा परिणाम."

"सूर्य माझ्या एकटीच्याच कानात बोटं घालतो होय?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, अभ्यास चालू आहे."

बोलता बोलता रुबीनाचे शब्द तुटायला लागले. का— कू, स— झा— का? हेमलतानं नुसतीच मान हलवली. रुबीनानं आपल्या टॅबकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. समोरच्या विंगमध्ये प्रत्येक स्वयंपाकघरात दिवा लागला होता. सगळीकडून फोडणीचा वास येत होता. आत सूनबाई अर्पिता मायक्रोवेव्हचं दार लावत होती. वरच्या मजल्यावरही कोणाचा तरी मायक्रोवेव्ह वाजला, खालच्याही.

रुबीना येणार म्हणून हेमलता आधीच जेवून बसली होती. हळूहळू ताटं वाढल्याचे, मग उचलल्याचे आवाज आले. रुबीनाच्या फोनमध्ये अजानची धून वाजली आणि तिनं तो बंद केला.

"मगरिब झाली," ती म्हणाली.

"काय झालं?" हेमलतानं विचारलं. "आत्ता नीट ऐकू आलं मला. म्हण परत."

"मगरिब. सूर्य बुडाल्याबरोबरची नमाज." रुबीना थांबली. मग तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "काकू! मागच्या वेळीही माझा फोन वाजला आणि तुम्ही म्हणालात, आता बरं ऐकू येतंय. ही वेळ मला लहानपणापासून पाठ आहे, आणि मी वेड्यासारखी मशीन तपासत बसले. तुमच्याकडं जेवणं किती वाजता होतात?"

"किती वाजता म्हणजे? दिवस मावळायच्या आत. आम्ही जैन ना गं. अख्खी बिल्डिंगच आमची. दिवस बुडाला की पाणीसुद्धा नाही."

"म्हणजे सगळ्या बिल्डिंगचा स्वयंपाक एकाच अर्ध्या तासात."

"मग? सूर्य काय आमच्यासाठी थांबतोय?"

रुबीना इतकी हसली की आतून अर्पिता बघायला आली.

मग तिनं समजावलं ते असं. बाकीची यंत्रं बोलतात, मायक्रोवेव्ह बोलत नाही, ओरडतो. त्यालाही नेमका हाच पट्टा लागतो. दारातून जो किंचित आवाज बाहेर झिरपतो तोही इतर यंत्रांच्या कुजबुजीपेक्षा मोठा. तो रांगेत उभा राहत नाही, कारण रांग असते हेच त्याला ठाऊक नाही. एक बरं, की विजेच्या प्रत्येक लाटेत तो निम्मा वेळ ओरडतो आणि निम्मा वेळ दम घेतो. त्या दम घेण्याच्या फटीत मुकादम बाकीच्यांना बोलून घ्यायला लावतो. पण बिल्डिंगमध्ये वीज तीन फेजची. याचा दम सुरू होतो तेव्हा वरच्याचा ओरडा सुरू होतो, तो थांबतो तर खालच्याचा. फटी बुजून जातात. इतर गावांत कोणी सातला जेवतं, कोणी दहाला, म्हणून हा पेच कंपनीला कधी दिसलाच नाही.

"बरं, पण मग श्रेयांसची मीटिंग कशी तुटत नाही?" हेमलतानं विचारलं. "यांची खुर्ची कशी चालते?"

रुबीना टॅबवर बोट फिरवत राहिली.

"सांग की."

"फटी थोड्या उरल्या की मुकादम रांगेतल्या पुढच्यांना देतो. तुमच्या घरात सगळ्यात पुढं काकांची खुर्ची, मग श्रेयांसदादा, मग अर्पिताचा फोन. मग फ्रीज. मग तो झाडू मारणारा…"

"आणि कुड्या?"

"शेवटी."

"झाडूच्या मागं?"

"मांजराच्या गळ्यातला पट्टा पण पुढं आहे, काकू."

हेमलतानं कुडीला हात लावला. "हा क्रम लावला कोणी?"

"कोणीच नाही. पूर्वी हातानं लावता यायचा, तेव्हा घराघरांत भांडणं झाली. एका घरात तर सासू-सुना टीव्ही आणि मिक्सरवरून कोर्टात गेल्या. म्हणून कंपनीनं ते बटणच काढलं. आता मुकादम घर बघून शिकतो. शब्द नाही ऐकत तो. कोण बोलायला लागलं की कोण थांबतं, कोणाच्या हाकेला कोण उठतं, एवढंच बघतो. जो थांबतो त्याची यंत्रं मागं, ज्याच्यासाठी थांबतात त्याची पुढं." मग जरा घाईनं म्हणाली, "काकू, सरळ सांगा ना घरात, तालमीपुरतं सगळं बंद ठेवा म्हणून."

"असं कसं सांगायचं?" हेमलता म्हणाली. "सगळ्यांची कामं असतात."

रुबीनानं टॅब मिटला.

*

सुकुमार शिरगुप्पे वाईट माणूस नव्हते. बायकोच्या प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसायचे, ती ट्रे घेऊन आली की टाळ्या वाजवायचे. त्यांना हे सगळं कळलं तेव्हा ते खरोखर दुखावले.

"मी कधी म्हटलं, तू मागं राहा?"

"तुम्ही नाही म्हटलं. त्यानं बघितलं."

"त्याला काय कळतंय? डबडं आहे ते!" एवढं बोलून सुकुमार सवयीनं म्हणाले, "अगं, माझा चष्मा…"

हेमलता उठलीसुद्धा होती. दोघंही तसेच थांबले. भिंतीवर मुकादमाचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बस तू," सुकुमार म्हणाले. "मी बघतो." चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

*

रांगेत पुढं सरकायचं तर बोलणाऱ्याला तोडायला शिकायला हवं होतं. सराव, पहिला प्रयत्न. सुकुमार भाजीवाल्याची हकिकत सांगत होते आणि ती मंडईपासून सुरू होऊन त्यांच्या शाळेपर्यंत पोचली होती.

"मुद्द्याचं बोला," हेमलता न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाली.

सुकुमार थक्क होऊन थांबले. हेमलतानं लगेच विचारलं, "रागावला नाहीत ना? चहा टाकू?"

प्रयत्न दुसरा. श्रेयांस म्हणाला, "आई, माझा चार्जर कुठाय?"

"शोधा. पुरावा सापडला की या."

पुढच्या मिनिटाला तीच चार्जर घेऊन त्याच्या खोलीत गेली.

संध्याकाळी रुबीनाचा फोन आला. "काकू, मी इथून बघतेय. दुपारी तुम्ही मांजराच्या पुढं गेला होता, आता परत मागं आलाय. काय केलंत?"

"काही नाही गं. सॉरी म्हटलं."

"सॉरी म्हणू नका! तोडलं की तोडलं. तुम्ही सॉरी म्हटलं की त्याला वाटतं, चुकून झालं."

अर्पिताला हा खेळ फार आवडला. तिनं घरातल्या पितळी खलबत्त्यातला बत्ता सासूच्या हातात दिला. "आई, हा तुमचा हातोडा. बोलायच्या आधी टेबलावर एक ठेवून द्यायचा. आणि मागाहून काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मी आरोपी होते, करा सुरू."

"तू कशाला आरोपी? गुणाची पोर ती."

"आई! ठोका."

हेमलतानं ठोकला. सबंध आठवडा ठोकत राहिली. अर्पिताचं ऑफिसातलं गाऱ्हाणं तोडलं, श्रेयांसचा क्रिकेटवरचा निबंध तोडला. सुकुमार जेवताना राजकारणावर घसरले तेव्हा ठोक्यानं आमटीची वाटी हलली. पहिले दोन दिवस प्रत्येक ठोक्यानंतर ती बत्ता पाठीमागं लपवायची. मग एकदा ठोका बसला आणि तिनं तो लपवलाच नाही. तिला गंमत वाटली. आपलं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा थांबलेला दिसतो, त्याचे डोळे आपल्यावर असतात, हे चित्र तिनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. शाळेतली मुलं थांबायची, पण ती खडूला घाबरून.

मंगळवारी रुबीनानं कळवलं : फ्रीजच्या बरोबरीला आलात. त्यापुढं सरकत नाही आहात. काकांची खुर्ची अजून पहिल्या नंबरावर घट्ट आहे.

*

बुधवार. रंगीत तालीम. बापू काळ्या कोटात, नलू कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर संहिता. तिनं हेमलताचे संवाद पाठ केले होते आणि त्याबद्दल तिला ओशाळल्यासारखं होत होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सुकुमार मालिशच्या खुर्चीत. जेवणाआधी पोटऱ्या रगडून घेणं हा त्यांचा नेम, आणि तालीम बघायचीही होती. खुर्चीनं त्यांचे दोन्ही पाय आत घेऊन मळायला सुरुवात केली.

हेमलता पाचलाच दोन घास खाऊन आली होती. ती उंच स्टुलावर बसली. बत्ता हाताशी.

खिडकीबाहेर ऊन पिवळं झालं. समोरच्या विंगमध्ये एक दिवा लागला, मग दुसरा, मग एकदम सगळे.

बापूंचं भाषण सुरू होतं. "न्यायमूर्ती, हा माणूस निर्दोष आहे, कारण…" वरच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह सुरू झाला. "…का— त्यानं ते घ— सोड—"

आलं. हेमलता पुढं झुकली. तिनं बापूंच्या ओठांकडे डोळे लावले. बापू भाषण करता करता पाठमोरे झाले, नाटकात तसंच होतं, आणि ओठही गेले. नलूनं संहितेचं पान उलटलं. तो आवाज आला नाही, पण हेमलताला तो दिसला.

आणि तेवढ्यात खुर्चीतून सुकुमारांनी, वाईट हेतूनं नाही, नुसतं चाळीस वर्षांच्या सवयीनं, खाकरून हाक मारली. ही हाक मात्र तिला ऐकू आली. त्या हाकेला यंत्र लागत नव्हतं.

"अगं, मंडळींचा चहा!"

हेमलताचे पाय जमिनीला टेकले. गुडघे सरळ व्हायला लागले. बापूही भाषण थांबवून वळले, कारण चहाचं नाव निघालं की बापूही थांबायचे. सगळा हॉल ती उठण्याची वाट बघत होता.

ती परत बसली. बत्ता उचलला आणि टेबलावर असा ठेवला की टेबलावरची काच चिरली.

"न्यायालय चहा करत नाही."

कोणी हललं नाही. आत अर्पिताचा कालथा थांबला, श्रेयांस मीटिंग सोडून दारात आला. हेमलतानं सॉरी म्हटलं नाही. चहा टाकू का असंही विचारलं नाही. नुसतं बघत राहिली.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "पुढं चला."

भिंतीवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला.

बापू पुन्हा पाठमोरे झाले. वर, खाली, समोर, सगळीकडे मायक्रोवेव्ह ओरडत होते. त्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून एकेक शब्द सरकत आला, एकही न गळता. "माझं म्हणणं इथं संपतं, न्यायमूर्ती."

"संपलं की नाही ते न्यायालय ठरवेल," हेमलता म्हणाली. "बसा!"

बापू खरोखरच बसले. तिथं खुर्ची नव्हती. ते जमिनीवरच बसले, आणि तिथूनच नलूकडे बघून मान हलवली. नलूनं संहिता मिटून पिशवीत टाकली आणि इतक्या मोकळ्या मनानं टाळ्या वाजवल्या की हेमलताला त्याही नीट, वेगवेगळ्या ऐकू आल्या.

"अगं," मागून आवाज आला. "अगं हेमा. ही खुर्ची थांबलीय."

मालिशच्या खुर्चीला पाळी मिळत नव्हती. दाब वाढवू की कमी करू हे विचारायला ती रांगेत उभी होती, आणि उत्तर येईपर्यंत तिनं सुकुमारांच्या दोन्ही पोटऱ्या घट्ट धरून ठेवल्या होत्या.

"पाय सोडवा की माझे कोणीतरी!"

"तुमची पाळी आली की बोला," न्यायमूर्ती म्हणाल्या.

अर्पिता दाराला टेकून हसत होती. श्रेयांसनं खुर्चीचं बटण बंद करून वडिलांना सोडवलं. सुकुमार पोटऱ्या चोळत उठले, बायकोकडे एकदा, मुकादमाकडे एकदा बघितलं, आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं आतून प्रश्न आला, "साखर कुठाय?" हेमलता स्टुलावरून उठली नाही. मग डबे उघडल्याचे आवाज. एक, दोन, बरेच. दिवस बुडाल्यावर सुकुमार ट्रे घेऊन आले. स्वतःला काही घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चव बघितली नव्हती.

"कसा झालाय?"

"उत्तम," बापू म्हणाले, आणि कप हळूच संहितेच्या मागं ठेवला.

*

स्पर्धेला मुकादमाची पेटी रंगमंचाच्या कडेला ठेवली होती. हेमलताच्या प्रमाणपत्रावर परीक्षकांनी लिहिलं : समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात आणि मगच तोडतात.

कंपनीच्या पुढच्या दुरुस्तीत ऐकायची यंत्रं सगळ्या घरांत रांगेच्या पुढं आली. रुबीनानं अहवालात कारण लिहिलं : सूर्य नव्हे, स्वयंपाक. मोठ्या साहेबांनी त्याखाली सही केली.

खुर्ची अजून आहे. हल्ली ती मांजराच्या मागं असते.

*

(मुकादम बसवायच्या वेळचं, मघाशी हरवलेलं वाक्य आत्ता पोचलं.)

…एकेकाला मुकादमासमोर उभं करून आपापलं नाव सांगायला लावलं, तेव्हा हेमलता आत त्या माणसासाठी चहा करत होती.